रस्त्याखालचा व्हॉल

चुडाव्याच्या स्मशानात मुंजाजीची चिता पेटली आणि आमचे नगरसेवक भैय्यासाहेब भाषणाला उभे राहिले. आमच्याकडं मयताला भाषण लागतंच. धूर वर चढला की कुणीतरी म्हणतं, "आता श्रद्धांजली," आणि तोवर हात बांधून उभे असलेले पुढारी एकेक करून पुढं सरकतात. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, म्हणून ती जागा त्यांना फार सोयीची.

भैय्यासाहेब म्हणाले, "मुंजाजीराव माझे मार्गदर्शक होते. त्यांनी जागा दाखवली, मी पाठपुरावा केला आणि आम्ही दोघांनी मिळून मागच्या गल्लीला पाणी आणलं." म्हणताना डोळ्याला रुमालही लावला. रुमाल कोरडा होता.

मी लोकांत उभा होतो. तोंडात आलेली शिवी मयताकडं बघून गिळली. पण ती पचली नाही, म्हणून हे लिहितो. मी चौथी शिकलेला, मोंढ्यात धान्याची पोती उचलून म्हातारा झालेला माणूस. चुका असतील त्या छापणाऱ्यानं दुरुस्त कराव्यात. खोटं मात्र एक अक्षर नाही. गावाचं नाव लिहीत नाही. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. तेवढ्यावरून कुणी स्वतःला ओळखलं तर तो माझा दोष नाही.

मुंजाजी पालिकेत व्हॉलमन होता. व्हॉलमन म्हणजे नळाला पाणी सोडणारा माणूस. रस्त्यात लोखंडी झाकण असतं, ते उचलायचं, खालच्या चेंबरमध्ये माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी लांब चावी घालायची आणि व्हॉल फिरवायचा. मग त्या गल्लीला पाणी जातं. आमच्याकडं पाणी आठ दिवसांनी येतं, तेही तासभर. त्यामुळं व्हॉलमन सायकलवरून दिसला की बाया जात्या-येत्या पाहुण्यांना सोडून हंडे घेऊन पळायच्या.

दिसायला तो काही नव्हता. बारका, काळा, बाह्या नसलेली खिशाची बंडी, गुडघ्याशी कायम ओला पायजमा, डोक्याला टोपी. चालताना मान खाली. माणसाशी बोलतानाही तो जमिनीकडं बघूनच बोलायचा. नव्या माणसाला वाटायचं, लाजतो. लाजत कसला? तो पायाखालचा पाइप बघत असायचा. गावाखालून कुठली लाइन कुठं जाते, कुठं वळते, कुठं चार इंचाची दोन इंच होते, ते सगळं त्याच्या डोक्यात. कागदावर कुठंच नव्हतं. पालिकेतले इंजिनिअर बदलून यायचे, टेबलावर नकाशा पसरायचे, शेवटी शिपायाला सांगायचे, "मुंजाजीला बोलाव."

माणूस ओळखण्याची त्याची एकच रीत होती, त्याच्या नळाला तोटी आहे का नाही. आमच्या गावात अर्ध्या घरांच्या नळाला तोटी नाही. आपले हंडे भरले की पाणी नालीत सोडून देतात आणि पुढच्याचा नळ नुसता शेंबडासारखा गळतो. एकदा एका मोठ्या माणसाच्या वास्तुशांतीला आम्ही दोघं जेवायला गेलो. यजमान फरशी दाखवत होते, झुंबर दाखवत होते. मुंजाजी मागच्या अंगणात जाऊन आला आणि मला म्हणाला, "चला भाऊ, जेवण नगं. घरात झुंबर हाय, नळाला तोटी न्हाई." आणि खरंच न जेवता निघाला. मी जेवून आलो. बुंदी चांगली होती.

दिवस तो पाळ्यांवर मोजायचा. पाळी म्हणजे आपल्या गल्लीच्या पाण्याचा वार. "लेकीला बाळंतपणाला कधी आणायचं?" "दोन पाळ्यांनी." "ताप कधीपास्नं हाय?" "मागल्या पाळीपास्नं." माझ्या बायकोचं, सुभद्राचं, त्याच्याशी जमायचं ते भांडणातूनच. आमचं घर मागच्या गल्लीत, टोकाच्या अलीकडचं. नळाला धार बारीक यायची. ती दारात उभी राहून ओरडायची, "मुंजाजीभाऊ, पाणी सोडायलेत का थुकायलेत?"

तो जमिनीकडं बघूनच म्हणायचा, "वहिनी, पुढचे तोटी लावत न्हाईत. त्याह्यला शिव्या द्या. मला चहा द्या."

ती आधी शिव्या द्यायची, मग चहा द्यायची. काळा, गुळाचा. त्यानं कधी पालिकेच्या माणसाचा रुबाब केला नाही आणि तिनं कधी शिव्या कमी केल्या नाहीत. पंचवीस-तीस वर्षं हे चाललं. मग तो रिटायर झाला. पालिकेची चावी जमा केली आणि लोहाराकडून तशीच स्वतःची एक करून घेतली. मी विचारलं, "आता कशाला?" म्हणाला, "हाताला सवय हाय. रिकामा हात लटकायला बरा वाटंना."

तो रिटायर झाला आणि आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. निवडणूक जवळ आली होती, म्हणजे रस्ता होणारच. चार दिवसांत गुत्तेदारानं या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंट ओतलं. गुळगुळीत, पांढरा. भैय्यासाहेबांनी नारळ फोडला, पेढे वाटले. पेढे खाऊन आम्ही पाण्याच्या पाळीची वाट बघत बसलो. पाळी आली, पाणी आलं नाही. दुसरी आली, तरी नाही. गुत्तेदारानं आमच्या गल्लीचं चेंबर झाकणासकट सिमेंटाखाली घातलं होतं. वर रस्ता, खाली व्हॉल, आणि व्हॉल बंद. नवा व्हॉलमन पोरगेलासा, कंत्राटावरचा. तो चावी घेऊन रस्त्यावर फिरायचा आणि चावी घेऊन परत जायचा. चेंबर कुठं होतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

त्या सुमाराला सुभद्रा अंथरुणाला खिळली होती. अंगाची एक बाजू गेली होती. अशा माणसाला पाणी किती लागतं ते करणाऱ्यालाच कळतं. चादरी, कपडे, अंग पुसणं, सगळं. मी या वयात स्टेशनजवळच्या बोअरवरून सायकलला दोन कॅन बांधून पाणी आणायचो. मोंढ्यातल्या पोत्यापेक्षा ते कॅन जड. वाटेत सांडायचं, घरी पोचायचं ते पाऊण. ती बोलू शकत नव्हती नीट, पण कॅन उतरवताना माझ्याकडं बघायची. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. मुंजाजी आला की खाटेशेजारी बसायचा आणि जमिनीकडं बघायचा. एकदा उठताना म्हणाला, "वहिनी, तुमच्या नळाला पाणी आणल्याबिगर मी चहा घेत न्हाई आता." मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणाला. पण खरंच त्यानं माझ्या घरचा चहा सोडला.

मग प्रभागाची सभा लागली. मारुतीच्या देवळापुढं मांडव, खुर्च्या, आणि पाठीमागं भैय्यासाहेबांचा फोटो. फोटो इतका मोठा की मारुती झाकला. आमच्या प्रभागात दोन नगरसेवक. दुसऱ्या बाई आहेत, पण सभेला त्यांचा नवरा येतो. बाईंना आम्ही फ्लेक्सवरच पाहिलेलं आहे. चारची सभा सहाला सुरू झाली. आधी सत्कार झाले. पहिला पाहुण्यांनी यजमानांचा केला, दुसरा यजमानांनी पाहुण्यांचा. मग जनतेला बोलायला सांगितलं.

शेवटच्या घरातली गयाबाई उठली. सत्तरीची, एकटी, तोंडानं फटकळ. "डुकरं घरात शिरायलीत. काल माह्या भाकरी घेऊन गेलीत. तुमी डुकरं धरायची म्हणून मत मागितलं व्हतं."

भैय्यासाहेब गोड हसले. "नोंद घ्या." शेजारी एक माणूस मोठी वही घेऊन बसला होता. त्यानं मान हलवून वहीवर पेन फिरवला.

कुणी खांबावरच्या बंद दिव्याचं सांगितलं, कुणी नालीचं, कुणी डासांच्या फवारणीचं. प्रत्येकाला, "नोंद घ्या." पेन फिरत होता. लोक समाधानानं खाली बसत होते. आपलं म्हणणं वहीत गेलं म्हणजे निम्मं काम झालं, असं आमच्या लोकांना वाटतं. मलाही वाटत होतं.

मुंजाजी उठला. जमिनीकडं बघत म्हणाला, "मागच्या गल्लीचा व्हॉल रस्त्याखाली गाडलाय. रस्ता दोन हात फोडावा लागतो. जागा मी दाखवतो."

"मुंजाजीराव," भैय्यासाहेब म्हणाले, "रस्ता फोडायचा म्हणता? कालच झालेला रस्ता? अहो, लोकांना आधी रस्ता नव्हता म्हणून ओरडत होते, आता रस्ता आहे म्हणून ओरडायले." खुर्च्यांवरची त्यांची माणसं हसली. "तरी बी नोंद घ्या."

मुंजाजी खाली बसला नाही. तसाच चालत मंचावर गेला आणि वही लिहिणाऱ्यापुढं उभा राहिला. जमिनीकडं बघणारा हा माणूस, पहिल्यांदाच त्याला मान वर करून बघताना पाहिलं. त्यानं हात पुढं केला आणि त्या माणसाच्या पेनाचं टोपण काढून त्याच्या हातात ठेवलं.

सभाभर पेनवाला टोपणासकट वहीवर पेन फिरवत होता. डुकरं, दिवा, नाली, डास, पाणी, काहीच कागदावर उतरलं नव्हतं.

"आता ल्ह्या," मुंजाजी म्हणाला.

गयाबाई इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. बाकीचे हसले नाहीत. भैय्यासाहेबांशी काम पडतंच ना कधी ना कधी, दाखल्याला, रेशनला. आमच्या गल्लीतल्या माणसांची हिंमत इथवरच. माझीही इथवरच होती, हे लपवत नाही. वहीत त्या दिवशी 'मुंजाजी, पाणी' एवढे दोन शब्द लिहिले गेले. झालं काहीच नाही. पुढच्या दोन सभा तर झाल्याच नाहीत. भैय्यासाहेबांना वेळ नव्हता.

मग सुभद्रा गेली. सकाळी दहाच्या सुमाराला. त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. लिहिता येत नाही.

बाया जमल्या. मयताला आंघोळ घालायची म्हणून पाणी बघितलं तर घरात अर्धी कळशी. मी त्या दिवशी बोअरवर गेलोच नव्हतो. शेजारी विचारलं तर त्यांच्याकडंही तळाला गेलेलं. पालिकेचा टँकर अधूनमधून यायचा, तोही येऊन चार दिवस झाले होते. गयाबाई दारात येऊन म्हणाली, "आता काय करावं बाई, हिला काय कोरडीच न्यावं?" ते शब्द माझ्या कानात अजून आहेत.

मुंजाजी उंबऱ्याशी बसला होता. तो उठला, सायकलला दोन्ही बाजूंनी घागरी अडकवल्या आणि गेला. अर्ध्या तासात परत आला. दोन्ही घागरी काठोकाठ, पाणी काचेसारखं. कुठून आणलं ते त्या वेळी कुणी विचारलं नाही. सुभद्राला आंघोळ घातली, तिचं हिरवं लुगडं नेसवलं आणि आम्ही तिला नेलं.

स्मशानात भैय्यासाहेब आमच्याआधी हजर. सभेला दोन तास उशीर करणारा माणूस मयताला कधी चुकत नाही. सभेला लोक विचारतात, मयताला कुणी विचारत नाही. चिता पेटल्यावर ते बोलायला लागले, "सुमनबाई मला आईसारख्या होत्या." कुणीतरी कानात सांगितलं, मग म्हणाले, "सुभद्राबाई मला आईसारख्या होत्या. त्यांच्या हातची भाकरी मी खाल्लेली आहे." सुभद्रानं त्यांना कधी दारातसुद्धा उभं केलं नव्हतं.

ते मागं सरले आणि मुंजाजी पुढं आला. हा माणूस मयताला कधी बोलत नसे. हात जोडले, खाली बघत बोलायला लागला.

"मला भैय्यासायबाचे आभार मानायचेत. आज वहिनीला आंघोळीला पाणी नव्हतं. म्हून मी भैय्यासायबाच्या वाड्यामागं गेलो. तिथं नळाला पाणी होतं. दोन घागरी आणल्या. वहिनीची आंघोळ त्याह्यच्या नळाच्या पाण्यानं झाली."

भैय्यासाहेबांना आधी कळलं नाही. त्यांनी मान लववून नमस्कार घेतला.

"आज गावात कुणाचीच पाळी न्हाई," मुंजाजी म्हणाला. "तरी त्याह्यच्या नळाला पाणी व्हतं. रोज असतंय. टाकीला जाणारी जी मोठी लाइन हाय, तिलाच त्याह्यचं कनेक्शन हाय, सरळ. अन् ते जोडणारा मीच. वरून हुकूम आला, मी नोकर माणूस, मी जोडलं. बारा वर्षं तोंड बंद ठिवलं. दुसऱ्याच्या नळाला तोटी न्हाई म्हून बोंबलत फिरलो, अन् गावचं पाणी मीच एका घरात सोडून आल्तो. वहिनी, मला माफ करा."

हे तो चितेकडं बघून म्हणाला.

लाकडं तडतडत होती. भैय्यासाहेबांचा चेहरा मी नीट पाहिला, कारण मला दुसरीकडं बघायचं नव्हतं. ते हसायचा प्रयत्न करत होते. तिथं तेवढं एकच करता येत नव्हतं. एक म्हातारा पाहुणा, परभणीचा, सुभद्राच्या माहेरचा, त्याला काहीच माहिती नव्हती. तो मोठ्यानं म्हणाला, "मग या लोकांला का पाणी देत न्हाईत हो?" आणि त्या एका प्रश्नानं सगळ्यांची जीभ सुटली. स्मशानात सभा झाली. गयाबाई स्मशानात नव्हती, बाया आमच्याकडं येत नाहीत, नाहीतर तिथंच डुकरांचाही हिशोब झाला असता.

मला मुंजाजीचा राग आला होता का? आला होता. माझ्या बायकोच्या चितेपुढं पाइपाचा विषय काढला म्हणून. पण रात्र होऊ दिली नाही मी त्या रागाची. घरी येताना वाटलं, सुभद्रा असती तर तिनं याच्यापेक्षा वाईट शब्दांत सांगितलं असतं.

तिसऱ्याच दिवशी, राख सावडून आम्ही परतलो तर गल्लीत मशीन उभं. भैय्यासाहेब कमरेवर हात ठेवून. "दाखवा मुंजाजीराव, कुठंय तुमचा व्हॉल."

मुंजाजी विजेच्या खांबापाशी उभा राहिला, तिथून नालीच्या कडेनं अकरा पावलं मोजली, दोन पावलं आत वळला आणि चुन्यानं फुली मारली. मशीननं सिमेंट फोडलं. खाली मुरूम. आणखी फोडलं. खाली काळी माती. व्हॉल नाही.

"मुंजाजीराव," भैय्यासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वय झालं आता. घरी बसा, नातवंडं खेळवा. गावचं नुकसान करू नका." आणि मशीन घेऊन निघून गेले. खड्डा तसाच. त्यांच्या माणसानं खड्ड्याचा फोटो काढून गावभर फोनवर पाठवला.

मुंजाजी दुपारभर त्या खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. त्या टोपीखाली त्याला टक्कल आहे हे मला त्या दिवशी कळलं. मला म्हणाला, "भाऊ, माझं डोकं गेलं का हो?" तो खरंच विचारत होता. ज्या माणसानं गावची सगळी लाइन डोक्यात ठेवली, त्याला स्वतःच्या डोक्याचा भरवसा वाटेना.

उत्तर गयाबाईनं दिलं. ती डुकरांना दगड मारत तिकडून आली. "खांबापास्नं मोजलं व्हय रे? येड्या, खांब हालवलाय की. निवडणुकीत भैय्याची कमान उभी करायची व्हती, तिला आडवा यायलता म्हून खांब सरकवला. लाइनमनला मीच चहा दिल्ता."

मुंजाजी उभा राहिला. मारुतीच्या देवळाच्या पायरीपाशी गेला. देव तरी कुणी सरकवला नव्हता. तिथून उलटी पावलं मोजत आला, ओठ हलत होते, आणि खड्ड्यापासून चार पावलांवर थांबला. "हितं."

पालिकेत गेलो तर दुसरा खड्डा करायला परवानगी नाही. "गुळगुळीत रस्त्याची चाळणी करता का?" तिथले साहेब म्हणाले. परत आलो तर गयाबाई पहार घेऊन त्या जागी उभी. तिला ती नीट उचलतही नव्हती. तिनं पहिला घाव घातला, सिमेंटवर पांढरा ओरखडा उठला फक्त. पण सत्तरीची बाई घाव घालायली म्हटल्यावर घराघरातले पुरुष लाजेकाजेनं बाहेर आले. दोन तासांत झाकण हाती लागलं. मुंजाजी चेंबरमध्ये उतरला, हातानं माती काढली, चावी बसवली, पाव आटा फिरवून पाहिला. फिरला. वर बघून म्हणाला, "जित्ता हाय."

लगेच पाणी सोडलं असतं. पण व्हॉल सापडल्याची बातमी भैय्यासाहेबांना आमच्याआधी पोचली. अर्ध्या तासात फोटोवाल्यासकट हजर. "कुणी हात लावायचा नाही. जलपूजन करू. मोठ्या साहेबांची वेळ घेतो." मोठ्या साहेबांची, म्हणजे आमदारांची, वेळ मिळायला दहा दिवस गेले. तोवर चेंबर उघडं, व्हॉल बंद, आणि पालिकेचा एक माणूस चेंबरवर राखणीला बसवलेला. तहानलेल्या माणसापुढं भरलेला तांब्या ठेवून आधी भाषण ऐक म्हणायचं, त्यातला हा प्रकार.

ठरल्या दिवशी अकरा वाजता मांडव पडला. माझ्याच घरापुढचा नळ निवडला होता, कारण माझ्या घरात मयत झालं होतं आणि भाषणात ते चांगलं दिसतं. नळाला हार, तोटीला कुंकू, खाली तांब्याचा नवा हंडा. टाकीतून आमच्या बाजूला पाणी साडेदहालाच सोडलंय म्हणून निरोप आला होता. मोठे साहेब बोलले, भैय्यासाहेब बोलले, बाईंचा नवरा बोलला. मग मोठ्या साहेबांनी तोटी फिरवली.

फुस्स. नुसती हवा. हाराची एक पाकळी उडाली.

साहेबांनी परत फिरवली. परत फुस्स. भैय्यासाहेब फोनवर ओरडायला लागले. टाकीवरचा माणूस म्हणाला, साडेदहाला चाक फिरवलं ते न बघताच, टाकी रिकामी आहे.

गयाबाई पुढच्या खुर्चीवरून उठली. "सायेब, पाणी पहाटंच येऊन गेलं. आमचं भरून झालं. तुमीच उशिरा आले."

हशा पिकला. या वेळी सगळे हसले, दाखला लागणारेसुद्धा. भैय्यासाहेब म्हणाले, "मुंजाजी कुठंय?" मुंजाजी त्या वेळी सकाळच्या पॅसेंजरनं चुडाव्याला लेकीकडं पोचलेला होता. तो परत आला नाही. तिथंच आजारी पडला, तिथंच गेला. त्या स्मशानातल्या भाषणाचं मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच जलपूजनाच्या दिवशी, पहाटे. दिसायला नुकतं लागलं होतं. राखणीचा माणूस चेंबरशेजारी तोंडावर धोतर घेऊन घोरत होता. दारावर टकटक झाली. उघडलं तर मुंजाजी. धुतलेली बंडी, खांद्याला गावाला जायची पिशवी. "भाऊ, उठा. टाकीपास्नं सोडलंय."

अंगणातल्या नळातून आधी हवा आली, मग मुंग्या, मग गंजाचं लाल पाणी. मग पांढरं. गल्लीत एकेक दार उघडायला लागलं, हंडे वाजायला लागले, कुणी कुणाला हाका मारत होतं, लेकरं रडत उठली. मी बादली भरली. एक हंडा भरला. सवयीनं दुसरा हंडा लावला, आणि तो लावल्यावर लक्षात आलं की मला आता एवढं पाणी कशाला लागतं. चादरी नाहीत, कपडे नाहीत. हंडा भरत राहिला आणि मी तसाच बघत उभा.

मुंजाजीनं माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता काहीतरी समजुतीचं बोलणार. तो म्हणाला, "तुमचं झालं असंल तर तोटी बंद करा भाऊ. गयाबाईचं घर लास्टला हाय. तिथवर चढू द्या."

मी तोटी बंद केली. सुभद्रानं ठेवलेल्या पातेल्यात चहा करतो म्हणालो, तर म्हणाला, "गाडी हाय," पण थांबला. काळा चहा उभ्यानंच प्यायला, कप माझ्या बादलीतल्या पाण्यानं विसळून पालथा ठेवला.

मग तो स्टेशनच्या उलट दिशेनं निघाला. गल्लीच्या टोकाला, गयाबाईच्या नळापाशी जाऊन वाकला. नळाखालच्या हंड्यात मान घालून बघत होता, किती भरलाय ते. गयाबाई कमरेवर हात ठेवून त्याला काहीतरी बडबडत होती. त्यानं हात वर करून तिला गप केलं आणि तसाच वाकून राहिला.